व्यायामाची मात्रा : हृदय पुनर्वसनातील तीव्रतेच्या मोजमापाविषयी

हृदयविकाराच्या झटक्यानंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला मिळणाऱ्या डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची नावे, त्यांचे मिलिग्रॅम, सकाळी किती व रात्री किती, जेवणाआधी की नंतर, हे सगळे काटेकोरपणे लिहिलेले असते. व्यायामाविषयी मात्र त्याच कागदाच्या तळाशी बहुधा ‘झेपेल तेवढे चालावे’ एवढीच ओळ असते. व्यायाम औषधासारखा गुण देतो हे वैद्यकाने मान्य केले असूनही त्याची मात्रा ठरवणे रुग्णाच्या भीतीवर आणि घरच्यांच्या काळजीवर सोडून दिले जाते, ही विसंगती प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. हृदय पुनर्वसन म्हणजे झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास यांनंतर, तसेच हृदयाचे पंपिंग कमी झाले असता, व्यायाम, आहार, औषधांविषयीचे शिक्षण आणि मानसिक आधार यांच्या साहाय्याने रुग्णाला पुन्हा कामाधामाला लावणारा आखीव कार्यक्रम होय. त्यातील व्यायामापुरते बोलायचे तर तो आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे आणि कोणत्या प्रकारचा करावा हे कॅलेंडर व घड्याळ पाहून सांगता येते. तो किती जोराने करावा हे मात्र शरीरालाच विचारावे लागते, आणि शरीराकडून येणारी उत्तरे नेहमी एकमेकांशी जुळतातच असे नाही. नाडी एक सांगते, श्वास दुसरे सांगतो, ईसीजीचा आलेख तिसरेच दाखवतो आणि रुग्णाचा स्वतःचा अंदाज या तिन्हींपासून दूर असू शकतो. यांपैकी केव्हा कोणाचे ऐकावे याचा विचार येथे केला असून त्यामागील भूमिका अशी की, रुग्णालयातील यंत्रांनी केलेली देखरेख ही मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्या जाणिवेला वळण लावण्यासाठी असावी, कारण अखेरीस घरी जाताना तो तेवढी एकच मोजपट्टी बरोबर नेतो.

मात्रेचा हा प्रश्न वैद्यकासमोर उशिरा आला, कारण विसाव्या शतकाचा पूर्वार्ध संपेपर्यंत झटक्यानंतरचा उपचार म्हणजे सक्तीची विश्रांती असे समीकरण होते. त्याआधीची निरीक्षणे वेगळी होती. चालताना छातीत दाटून येणाऱ्या दुखण्याचे म्हणजे अंजायनाचे अभिजात वर्णन १७७२ मध्ये प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्याने रोज अर्धा तास लाकडे कापून जवळजवळ बऱ्या झालेल्या एका रुग्णाची नोंद करून ठेवली होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८०२ मध्ये निघालेल्या ग्रंथात ती छापलीही गेली. परंतु हृदयाच्या मृत स्नायूच्या जागी पक्का व्रण तयार होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात असे १९३९ मध्ये शवविच्छेदनांच्या अभ्यासातून दिसून आल्यावर तेवढे दिवस रुग्णाला खाटेवरून हलू न देण्याच्या प्रथेला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. रुग्णाला भरवणे, कुशीवर वळवणे, शौचाचे भांडे देणे हे सर्व परिचारिकांनी करावे अशी रीत होती. बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी १९५२ मध्ये रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून आरामखुर्चीत बसवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा खुर्चीत बसणे हीच धाडसाची गोष्ट मानली गेली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये डेन्व्हर येथे झटका आला आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांपैकी पॉल डडली व्हाइट यांनी हळूहळू हालचाल, चालणे व कामावर परतणे यांचा जाहीर पुरस्कार केला. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडून आले, आणि झटका म्हणजे कर्तेपणाचा शेवट ही लोकसमजूत ढिली होण्यास एखाद्या शोधनिबंधापेक्षा या घटनेचा अधिक हातभार लागला असावा.

विश्रांतीची किंमत किती असते याचे उत्तर १९६० च्या दशकात डॅलस येथे मिळाले. पाच निरोगी तरुणांना वीस दिवस बिछान्यावर पडून राहायला लावले असता त्यांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता, म्हणजे अतिश्रमाच्या क्षणी शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते तो आकडा, एक चतुर्थांशाहून अधिक घटली. त्याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केलेले नुकसान तीन दशकांच्या वयोमानाने केलेल्या नुकसानापेक्षाही मोठे होते असे आढळले. तरुण, धडधाकट शरीराची ही गत, तर आजारी हृदयाच्या साठीतील माणसाला सहा आठवडे झोपवून ठेवण्याने त्याचे किती बळ गेले असेल याची कल्पना करता येते. हालचाल हवी हे यातून ठरले, पण किती हवी हे ठरले नाही, आणि मोजमापाची खरी कथा येथून सुरू होते.

श्रमाचा थेट मापक प्राणवायूचा वापर हाच आहे. स्वस्थ बसलेला माणूस शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरतो आणि या प्रमाणाला एक मेट म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी पावणेपाच-पाच किलोमीटर वेगाने चालणे साधारण साडेतीन मेटचे, तर सावकाश जिना चढणे सुमारे चार मेटचे काम आहे. परंतु प्राणवायू मोजायचा तर तोंडावर मुखवटा, नळ्या व वायुविश्लेषक यंत्र लागते, जे मोजक्याच केंद्रांत असते. त्यामुळे प्राणवायूच्या जागी हृदयाचे ठोके मोजण्याची वाट निघाली, कारण मध्यम श्रमाच्या पट्ट्यात ठोके आणि प्राणवायूचा वापर जवळजवळ बरोबरीने चढतात. फिनलंडमधील मार्टी कार्वोनेन यांनी १९५७ मध्ये वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासातून ठोक्यांच्या ‘राखीव साठ्या’ची कल्पना पुढे आली: विश्रांतीचे ठोके आणि कमाल ठोके यांतील फरक हा साठा, आणि त्यातील ठरावीक टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवले की व्यायामाचे लक्ष्य मिळते. हृदयरुग्णांसाठी या साठ्याच्या ४० ते ७० टक्क्यांचा, आणि काही मार्गदर्शक तत्त्वांत ८० टक्क्यांपर्यंतचा पट्टा सुचवला जातो.

या गणिताची दुखरी जागा म्हणजे त्यातले कमाल ठोके कोठून आणायचे. व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि मनगटी घड्याळांच्या सॉफ्टवेअरमध्ये ठाण मांडून बसलेले ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ च्या सुमारास फॉक्स, नॉटन व हॅस्केल यांच्या लेखातून प्रचारात आले. ते एखाद्या स्वतंत्र, काटेकोर प्रयोगातून निघालेले नसून उपलब्ध आकड्यांमधून ढोबळपणे ओढलेली ती रेषा होती, आणि एकाच वयाच्या निरोगी माणसांतही कमाल ठोके या रेषेच्या दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असू शकतात. हृदयरुग्णाच्या बाबतीत तर ही रेषा बहुधा लागूच पडत नाही, कारण झटक्यानंतर बहुतेकांना बीटा ब्लॉकर गटातील गोळी सुरू असते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल ही नावे अशा रुग्णांच्या घरांत आता तोंडपाठ झालेली आहेत. ॲड्रेनॅलिनचा हृदयावरील परिणाम रोखणे हेच या गोळीचे काम असल्याने ती विश्रांतीचे ठोके कमी करते आणि श्रमाच्या वेळचे कमाल ठोके त्याहून अधिक खाली ओढते.

समजा, साठ वर्षांच्या एका रुग्णाचे विश्रांतीचे ठोके ६२ आहेत आणि नेहमीची गोळी घेऊन ट्रेडमिलवर पूर्ण दमेपर्यंत चालवले असता ते १२२ पर्यंत गेले. त्याचा खरा साठा ६० ठोक्यांचा, म्हणून ४० ते ७० टक्क्यांचा पट्टा ८६ ते १०४ असा निघतो. वयाच्या सूत्राने कमाल ठोके १६० धरले तर साठा ९८ चा होतो आणि पट्टा १०१ ते १३१ असा येतो, म्हणजे त्याची वरची मर्यादा या माणसाच्या हृदयाने जिवाच्या आकांताने गाठलेल्या ठोक्यांहूनही नऊने जास्त ठरते. आणि असा आकडा मनगटावरच्या घड्याळात भरून तो गाठण्याच्या खटपटीत सकाळी बागेत पळणारी माणसे काल्पनिक नाहीत. बीटा ब्लॉकर घेणाऱ्या हृदयरुग्णांसाठी ब्रॉनर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘१६४ वजा वयाच्या सात दशांश’ असे वेगळे सूत्र मांडले, जे या उदाहरणात नेमके १२२ देते, परंतु सूत्र कितीही सुधारले तरी ते सरासरी माणसाचे असते, समोरच्या माणसाचे नसते. म्हणून चाचणी महत्त्वाची, आणि चाचणीच्या बाबतीत एक बारकावा वारंवार निसटतो. निदानासाठी केलेली टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवरील स्ट्रेस टेस्ट, पुष्कळदा बीटा ब्लॉकर एक-दोन दिवस बंद ठेवून केली जाते, कारण गोळीमुळे दोष झाकला जाऊ नये; व्यायामाची मात्रा ठरवण्यासाठी मात्र गोळी चालू असतानाची, तीही ज्या वेळी व्यायाम होणार त्याच सुमाराची चाचणी हवी. पहिल्या प्रकारच्या अहवालावरून दुसऱ्या कामाचा आकडा काढला तर तो सुरुवातीपासूनच चुकलेला असतो.

आकडा हाती आला तरी तो मोजता यायला हवा. नाडीचे मोजमाप ही कल्पना जुनी आहे. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीचे वर्गीकरण प्राण्यांच्या चालींवरून केलेले आढळते, आणि इंग्लंडात जॉन फ्लॉयर यांनी १७०७ मध्ये नाडीसाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ वैद्यांपुढे आणले. पुनर्वसनात शिकवली जाणारी रीत साधी आहे: अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसऱ्या हाताची तर्जनी व मधले बोट ठेवायचे, अंगठ्याने कधीच चाचपायचे नाही कारण त्याची स्वतःची नाडी जाणवते, आणि चालणे थांबवताच लगेच मोजायला लागायचे. लगेच हा शब्द येथे गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण थांबल्यानंतरच्या पहिल्याच मिनिटात ठोके झपाट्याने उतरतात. ते पहिल्या मिनिटात बाराहून अधिक न उतरणे हे अलीकडे धोक्याचे लक्षणही मानले जाते. चष्मा शोधून, घड्याळाचा सेकंदकाटा पाहून, मग बोट ठेवणाऱ्याला मिळणारा आकडा व्यायामाचा नसून विसाव्याचा असतो. दहा सेकंद मोजून सहाने गुणण्याची पद्धत वेगवान आहे, पण तिच्यात एक ठोका चुकला की मिनिटाच्या हिशेबात सहा चुकतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर चूक चारची होते पण तेवढ्यात नाडी उतरत जाते. या दोन्ही अडचणींवर मनगटी घड्याळाने मात केली असे वाटते, परंतु त्यातील हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताच्या लाटा पाहत असल्याने हात हलताना, पट्टा सैल असताना किंवा ट्रेडमिलची दांडी घट्ट धरली असताना त्याचे वाचन भरकटते, आणि कधी ते ठोक्यांऐवजी पावलेच मोजत बसते. छातीवर बांधायचा पट्टा हृदयाचा विद्युत्संकेत घेत असल्याने त्याहून विश्वासार्ह ठरतो, पण तोही नियमित लयीच्या हृदयासाठीच.

लय नियमित नसेल तर सगळेच गणित बदलते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे लयबद्ध आकुंचन न पावता नुसते थरथरत असताना, दोन ठोक्यांतील अंतर सतत बदलते आणि दहा सेकंदांच्या मोजणीला अर्थ उरत नाही. प्रत्यारोपित हृदयाला रुग्णाच्या मज्जातंतूंचा धागा जोडलेला नसतो, त्यामुळे ते विश्रांतीतही मिनिटाला नव्वद-शंभर ठोके देते, श्रम सुरू झाल्यावर कित्येक मिनिटे निवांत राहते आणि श्रम थांबल्यानंतर आणखी चढते. दीर्घकाळच्या मधुमेहात स्वायत्त मज्जासंस्थेला इजा झाली असेल तर ठोके वाढत नाहीतच, शिवाय छातीत दुखण्याची सूचनाही पोहोचत नाही आणि रक्तपुरवठ्याची तूट केवळ अवेळी घाम किंवा अचानक लागलेल्या धापेतून प्रकट होते. भारतात हृदयरुग्णांतील मधुमेहींचे मोठे प्रमाण पाहता हा अपवाद म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. छातीत आयसीडी, म्हणजे धोकादायक लय ओळखून आपोआप विजेचा धक्का देणारे उपकरण, बसवले असेल तर व्यायामातील ठोके त्या उपकरणाच्या ठरवलेल्या सीमेपासून दहा ते वीस ठोके खाली ठेवावे लागतात, नाहीतर जलद चालण्यालाच ते संकट समजण्याची शक्यता असते.

ठोक्यांच्या पट्ट्याहून निराळी गोष्ट म्हणजे कमाल मर्यादा. पट्टा हा लाभासाठी असतो, मर्यादा सुरक्षिततेसाठी असते, आणि या दोहोंची गल्लत झाल्याने रुग्ण विनाकारण घाबरतात. काही रुग्णांत अरुंद धमनीतून येणारे रक्त ठरावीक श्रमापर्यंतच पुरते आणि त्या पातळीला ईसीजीमधील एसटी हा भाग एक मिलिमीटर किंवा अधिक खाली सरकतो, किंवा छातीत दडपण येते. ही पातळी ज्या ठोक्यांवर आली त्याच्या दहा ठोके अलीकडे व्यायामाची सीमा आखली जाते. वरच्या उदाहरणातील रुग्णाला ११० ठोक्यांवर हा बदल दिसला असता तर पट्ट्याची वरची बाजू १०४ न राहता १०० झाली असती. रक्तदाबाचीही साक्ष घ्यावी लागते. श्रम वाढताना वरचा रक्तदाब दर मेटमागे साधारण दहाने चढायला हवा. श्रम वाढत असूनही तो दहाहून अधिक खाली आला, तर हृदय मागणी पुरवण्यास असमर्थ ठरत आहे असे समजून व्यायाम तेथेच थांबवतात. चक्कर, नजरेपुढे अंधारी, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात पसरणारे दुखणे, आणि कामाच्या मानाने न शोभणारी धाप यांनाही हाच नियम लागू आहे. पोटऱ्या दुखणे, घाम येणे किंवा नुसते दमणे ही मात्र थांबण्याची कारणे नव्हेत, हे तितक्याच आग्रहाने सांगायला हवे.

देखरेखीखालचा व्यायाम किती सुरक्षित असतो याबाबत हाती असलेले आकडे दिलासा देणारे आहेत. व्हॅन कॅम्प व पीटरसन यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील १६७ पुनर्वसन केंद्रांतील ५१,३०३ रुग्णांची माहिती एकत्र केली. वीस लाखांहून अधिक तासांच्या व्यायामात २१ जणांचे हृदय बंद पडले, त्यांपैकी १८ जणांना वाचवता आले, आणि आठ जणांना झटका आला. त्याच अभ्यासातील कमी उद्धृत होणारे निरीक्षण असे की, ईसीजीची देखरेख सतत ठेवणारी केंद्रे आणि अधूनमधून ठेवणारी केंद्रे यांच्यातील अशा घटनांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून यंत्रे निरुपयोगी ठरत नाहीत, कारण २१ पैकी १८ जण वाचले ते जवळ डिफिब्रिलेटर आणि तो वापरणारे हात होते म्हणून. परंतु पडद्यावरची हिरवी रेषा पाहत राहणे म्हणजेच सुरक्षितता हा समज मात्र त्यातून टिकत नाही, आणि प्रत्येक रुग्णाला प्रत्येक सत्रात तारांनी जखडल्याखेरीज पुनर्वसन करताच येणार नाही असे म्हणून केंद्रच न काढणाऱ्या रुग्णालयांनी ते निरीक्षण वाचण्यासारखे आहे.

तारांविना मोजण्याचे सर्वांत प्रसिद्ध साधन एका मानसशास्त्रज्ञाने दिले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी १९६० च्या दशकात श्रमाच्या जाणिवेला ६ ते २० या आकड्यांची पट्टी लावली, ज्यात ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, ११ म्हणजे हलके, १३ म्हणजे थोडे कष्टाचे, १५ म्हणजे जड, १७ म्हणजे फार जड आणि २० म्हणजे याहून अधिक शक्यच नाही. सहापासून सुरुवात करण्याचे कारण असे की निरोगी तरुण माणसात या आकड्याला दहाने गुणले की साधारण ठोके मिळतात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याच्या बाबतीत हा मेळ तुटतो, पण पट्टीची उपयुक्तता तुटत नाही, कारण ती ठोक्यांची नक्कल न करता पायांचा थकवा, श्वास आणि एकूण ताण यांची एकत्रित बेरीज सांगते. पुनर्वसनात बहुधा ११ ते १४ हा टप्पा वापरला जातो. ही पट्टी दोन प्रकारे वापरता येते, आणि दोहोंतला फरक हाच या साऱ्या विवेचनाचा गाभा आहे. पहिल्या प्रकारात यंत्राचा वेग थेरपिस्ट ठरवतो आणि रुग्ण समोरच्या फलकावर बोट ठेवून आकडा सांगतो. दुसऱ्या प्रकारात थेरपिस्ट ‘तेरावर चाला’ असे सांगतो आणि वेग रुग्णाने शोधायचा असतो. पहिला प्रकार शिकण्याचा, दुसरा वापरण्याचा. पहिल्यात यंत्र रुग्णाच्या जाणिवेची परीक्षा घेते आणि दुसऱ्यात ती जाणीवच यंत्राची जागा घेते. प्रत्यक्षात बरीच सत्रे पहिल्या प्रकारातच संपतात आणि दुसऱ्याची उजळणी न होताच रुग्ण घरी जातो, जेथे त्याला आयुष्यभर केवळ दुसऱ्याचीच गरज असते.

फलकावर बोट ठेवणाऱ्याची उत्तरेही पारखून घ्यावी लागतात. घरच्यांसमोर धीट दिसायचे असलेला माणूस घाम निथळत असतानाही ‘अकरा’ म्हणतो; झटक्याच्या रात्रीची दहशत मनात घेऊन आलेला माणूस ठोके दहा-बाराने वाढताच ‘सतरा’ म्हणतो, कारण छातीतील प्रत्येक धडधड त्याला त्या रात्रीची वाटते. अशा वेळी ईसीजी शांत आहे, रक्तदाब चढायला हवा तसा चढतो आहे आणि ही धडधड श्रमाचीच आहे, हे त्याला पडद्यावर दाखवून देणे हा पहिल्या काही सत्रांतील सर्वांत मोलाचा उपचार असतो.

बोर्गच्या पट्टीला आकडे वाचता यावे लागतात. बोलण्याच्या चाचणीला तेही लागत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथील कार्ल फॉस्टर, जॉन पोरकारी व सहकाऱ्यांनी तिचा पद्धतशीर अभ्यास केला. ट्रेडमिलचा प्रत्येक टप्पा संपताना रुग्णाला त्यांच्याकडे शाळेत पाठ झालेली राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायला लावायची आणि नंतर ‘आरामात बोलता येते का’ असे विचारायचे: उत्तर ‘हो’, ‘हो, पण…’ किंवा ‘नाही’ यांपैकी एक मिळते, आणि ‘हो, पण…’ ज्या टप्प्यावर येते तो बहुतेक वेळा श्वसन-उंबरठ्याच्या जवळपास असतो. या उंबरठ्यापलीकडे स्नायूंतील आम्लाचा निचरा करताना अधिक कर्बवायू निर्माण होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास आपोआप जलद होतो; बोलण्यासाठी मात्र श्वास रोखून हळूहळू सोडावा लागतो, आणि या दोन गरजा एकाच वेळी पुऱ्या होत नाहीत. आपल्याकडेही शाळेतील प्रतिज्ञा बहुतेकांना पाठ असते, तेव्हा साधन तयारच आहे. येथे मनाचे श्लोक किंवा आरती सुचवण्याचा मोह होतो, पण चालीवर म्हटलेल्या पद्यात श्वास घेण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असल्याने धाप लपण्याची शक्यता अधिक, म्हणून सलग गद्य बरे.

एवढी साधने असूनही सांगितलेली मात्रा प्रत्यक्षात घेतली जाते का, याचे उत्तर युरोपातील एका चाचणीने अनपेक्षितपणे दिले. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे २००७ मध्ये हृदय अशक्त झालेल्या २७ रुग्णांवर केलेल्या छोट्या अभ्यासात, कमाल ठोक्यांच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार फेऱ्या आणि मध्ये संथ चालणे, अशा जोरकस व्यायामाने मध्यम व्यायामापेक्षा मोठा लाभ झाल्याचे दिसले व जगभर उत्साह पसरला. पुढे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मार्टेक्स या बहुकेंद्री चाचणीत २६१ रुग्ण घेतले, तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक उरला नाही. पण ठोक्यांच्या नोंदी उघडून पाहता जोरकस गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांनी ठरल्यापेक्षा कमी जोर लावला होता आणि मध्यम गटातील सुमारे ८० टक्के रुग्ण ठरल्यापेक्षा जास्त जोराने व्यायाम करत होते. दोन्ही गट नकळत एकमेकांकडे सरकून मध्यावर भेटले होते, आणि हे सगळे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. अमुक तीव्रता श्रेष्ठ की तमुक, हा वाद घालण्यापूर्वी ती तीव्रता रुग्णाच्या शरीरापर्यंत पोहोचली का हे तपासले पाहिजे, असा याचा अर्थ. जोरकस व्यायामाच्या धोक्याविषयीही नॉर्वेतीलच २०१२ ची नोंद पाहण्यासारखी आहे: ४,८४६ रुग्णांत मध्यम व्यायामाच्या १,२९,४५६ तासांत हृदय बंद पडून एक मृत्यू झाला आणि जोरकस व्यायामाच्या ४६,३६४ तासांत दोघांचे हृदय बंद पडले पण दोघेही वाचले. घटना इतक्या थोड्या आहेत की त्यांवरून एका पद्धतीला निर्दोष ठरवणे घाईचे होईल, आणि निवड झालेल्या, चाचणी केलेल्या रुग्णांचा हा अनुभव चाचणी न केलेल्यांना लावणे तर धोक्याचेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. विदर्भातील मे महिन्यात सकाळी आठ वाजता चालणाऱ्याचे रक्त त्वचा थंड ठेवण्याकडे वळते, घामाने पाणी कमी होते, आणि डिसेंबरात ज्या वेगाला नाडी ९५ होती त्याच वेगाला ती ११० वर जाते. लघवीची गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत हे आणखी लवकर घडते. वेग आणि अंतर सांगून दिलेला सल्ला अशा हवेत मात्रा वाढवतो, तर नाडी किंवा बोर्गचा आकडा सांगून दिलेला सल्ला आपोआप वेग कमी करायला लावतो. कोकण किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नसल्याने तीच अडचण कमी तापमानालाही येते. मुंबईतील लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ‘जिना चढू नका’ असे सांगणे म्हणजे घरात कोंडणे. त्यापेक्षा हातात पिशवी न घेता, प्रत्येक वळणावर थांबून, बोलता येईल अशा चालीने चढण्याचा सराव रुग्णालयाच्या जिन्यावरच करून घेणे शहाणपणाचे. पाण्याने भरलेली कळशी किंवा गॅसचा सिलिंडर उचलताना श्वास रोखला जाऊन रक्तदाब एकदम चढतो आणि तेथे नाडी काहीच इशारा देत नाही. स्त्रियांच्या बाबतीत ‘घरकाम होतेच, मग वेगळा व्यायाम कशाला’ असे घरातही व कधी दवाखान्यातही म्हटले जाते, परंतु तुकड्यातुकड्याने, कधी उकिडवे बसून तर कधी वजन उचलून होणाऱ्या या कामाची तीव्रता क्षणात फार वर जाते आणि क्षणात शून्यावर येते. त्यातून दमणूक भरपूर होते, पण दहा-वीस मिनिटे एका पातळीवर टिकणारा जो श्रम हृदयाला हवा असतो तो क्वचितच मिळतो.

केंद्रे थोडी आणि रुग्ण अफाट, या परिस्थितीत भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झालेली योग-केअर ही चाचणी, जिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, महत्त्वाची ठरते. झटक्यानंतर योगाधारित पुनर्वसन घेणाऱ्यांची स्वतःच्या प्रकृतीविषयीची भावना सुधारली आणि ते आधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू यांसारख्या घटनांत मात्र निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. योगाला कमी लेखण्याचे किंवा डोक्यावर घेण्याचे कारण यात नाही. बहुतेक आसनांची तीव्रता मेटच्या हिशेबात कमी असते, म्हणून चालण्यासारख्या दम लावणाऱ्या व्यायामाची जोड त्याला द्यावी लागते आणि त्या जोडीची मात्रा पुन्हा मोजावीच लागते.

ती एकदा मोजून भागत नाही, ही या विषयातील सर्वाधिक दुर्लक्षित बाब म्हणावी लागेल. नियमित व्यायामाच्या सहा-आठ आठवड्यांनंतर त्याच वेगाला ठोके कमी पडू लागतात, तेरावर जाणवणारे चालणे अकरावर येते, आणि पहिल्या दिवशी ठरवलेला वेग जपणारा रुग्ण नकळत मात्रा कमी करत जातो. बीटा ब्लॉकरची मात्रा वाढली किंवा कमी झाली, आयव्हाब्राडीनसारखी ठोके कमी करणारी दुसरी गोळी सुरू झाली, की ठोक्यांचा जुना पट्टा त्याच दिवशी बाद होतो. तेव्हा नवी चाचणी होईपर्यंत तेरा हा आकडा आणि ‘हो, पण…’ हे उत्तर यांवरच चालत राहावे लागते.